उन्हाळ्यात फिश टँकचं पाणी तापतं, मासे वर येऊन तोंड उघडतात : नागपुरातल्या तीन उन्हाळ्यांचा हिशोब

प्रॉब्लेम बहुतेकांचा सारखाच असतो. एप्रिल संपत आला की टँकमधले मासे खालची जागा सोडून वर येतात, पाण्याच्या काठाला तोंड लावून उघडझाप करत बसतात, खाणं टाकलं तर दोन दाणे खाऊन बाकीचं सोडून देतात, आणि मग एखाद्या सकाळी उठून बघावं तर एक-दोघं पोट वर करून तरंगतायत. दुकानवाला म्हणतो गर्मी आहे ना भाऊ, बर्फ टाका. आपण बर्फ टाकतो, दोन दिवस बरं वाटतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माशांच्या अंगावर बारीक मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. मग निळं औषध, मग अर्धं पाणी बदला, मग आणखी दोन गेले. माझ्याकडे सलग दोन उन्हाळे हेच झालं, तिसऱ्या वर्षी वही घेऊन बसलो तेव्हा कुठे कळलं की मी नेमकी चुकीच्या वेळी चुकीची गोष्ट करत होतो.

आधी माझा सेटअप सांगतो म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब, हॉलची एक भिंत पश्चिमेला. टँक ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच, काठोकाठ भरला तर सव्वाशे लिटर, पण खडे आणि वरची मोकळी जागा सोडून १०० लिटर धरा, हिशोबालाही सोपं पडतं. मासे म्हणजे मॉली, गप्पी, चार एंजल, गुरामीची एक जोडी, आणि पोरीच्या हट्टापायी आणलेले दोन गोल्डफिश. गोल्डफिशचं आणणंच चुकलं होतं, त्यावर नंतर येतो.

मॉली, गप्पी, एंजल ही मंडळी २४ ते २८ मध्ये खूश असतात. ३० ला ताण येतो पण निभावतात. ३२ च्या वर आठवडाभर राहिले तर कमजोर मासा आधी जातो. आता नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५, नवतप्यात (मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस) त्याच्याही वर, घरात कूलर चालू असला तरी ३०-३२ असतंच, तर पाणी २६ वर ठेवायचा हट्ट सोडा बाप्पा. टार्गेट २८-२९ धरा आणि तिथेच रात्रंदिवस टिकवा. दिवसा ३४ आणि रात्री २७ असं खालीवर होण्यापेक्षा कायम ३० असलेलं मासे जास्त सहन करतात, हे मी पैसे आणि मासे दोन्ही घालवून शिकलोय.

मरतात का, ते समजलं तर उपाय आपोआप सुचतो. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो हे सगळे सांगतात, ते खरंच आहे, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो तर ३० ला साडेसात. पण एवढ्याने मासा मरत नाही. खरी गोम अशी की पाणी गरम झाल्यावर माशाचं शरीरच जोरात चालायला लागतं, १० डिग्री वाढली तर त्याला लागणारा ऑक्सिजन जवळपास दुप्पट होतो, म्हणजे एकीकडे पुरवठा घटला आणि दुसरीकडे मागणी वाढली. त्यात रात्री झाडं पण ऑक्सिजनच खातात, म्हणून पहाटे पहाटे सगळ्यात वाईट अवस्था असते आणि म्हणूनच मेलेला मासा सकाळी सापडतो. वर माशांच्या घाणीतून तयार होणाऱ्या अमोनियाची भानगड वेगळीच. आपल्याकडे बोअरचं पाणी म्हणजे पीएच (पाणी आंबट की खारं ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधला) ८ च्या आसपास सहज असतो, त्यात २५ डिग्रीला एकूण अमोनियापैकी साधारण साडेपाच टक्के विषारी रूपात असतो, ३० ला साडेसात टक्के. टँकमध्ये घाण तेवढीच, पण विष वाढलं. त्यामुळे गर्मीत खाणं निम्मं करा हे काही उगाच म्हणत नाहीत.

एक मात्र लक्षात ठेवा, गुरामी आणि फायटर वर येऊन हवा घेतातच, त्यांना तसा अवयव आहे, ते बघून घाबरायचं कारण नाही. एंजल आणि मॉली वर आले तर घाबरा.

आता वही. तिसऱ्या उन्हाळ्यात मी आधी काचेचा साधा थर्मामीटर आणला, कारण टँकला बाहेरून चिकटवलेली ती रंगीत पट्टी काचेचं तापमान दाखवते, पाण्याचं नाही, आणि माझी तर भिंतीच्या बाजूला चिकटवलेली होती म्हणजे बघायलाच नको. चार दिवस दर तीन तासांनी आकडा लिहिला. सकाळी ६ ला साडेतीस, दुपारी १२ ला ३१, तीन वाजता साडेएकतीस, सहाला ३३ आणि रात्री साडेआठला ३४! मी बर्फ टाकत होतो दुपारी दोनला. म्हणजे बाहेर ऊन रणरणतं म्हणून आपल्याला वाटतं की दुपारी टँक तापतो, पण दुपारी हॉलमध्ये कूलर फुल चालू, सगळे घरात. संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही कूलर बंद करून गच्चीवर, आणि इकडे दिवसभर तापलेली पश्चिमेची भिंत आणि स्लॅब गर्मी बाहेर टाकायला सुरुवात करतात. त्यातच सहा वाजता टँकचा लाइट लागायचा, पाहुण्यांना दिसावं म्हणून, वरून झाकण बंद. बर्फाचा परिणाम तोवर संपलेला, म्हणजे मी दुपारी पाणी तीन डिग्री खाली न्यायचो आणि संध्याकाळी ते पाच डिग्री वर जायचं, असा झोपाळा रोजचा. पांढरे ठिपके येणार नाहीत तर काय होणार.

वहीत दुसरी गोष्ट दिसली ती रविवारी. सकाळी ११ ला ३१ होतं आणि सव्वाअकराला ३४ च्या वर. पंधरा मिनिटात! रविवारी काय करतो आपण, पाणी बदलतो. बाथरूमच्या नळाला पाइप लावून ३० लिटर भरलं होतं, आणि ते पाणी येतं गच्चीवरच्या काळ्या टाकीतून जी सकाळपासून उन्हात उकळतेय, हात लावला तर चटका बसतो. ७० लिटर ३१ चं आणि ३० लिटर ४२ चं, करा बेरीज. क्लोरीनसाठी औषध टाकत होतो, पण पाण्याला हात लावून बघायची अक्कल दोन वर्षं आली नाही. तेव्हापासून नियम असा केला की शनिवारी रात्री दोन बादल्या भरून हॉलमध्ये ठेवायच्या, रविवारी सकाळी त्या आणि टँक यांचं तापमान एका डिग्रीच्या आत जुळलं की मगच टाकायचं, आणि ३० लिटर एकदम बदलण्याऐवजी १५-१५ दोनदा. थंडीत हेच उलटं होतं बरं का, टाकीतलं पाणी सकाळी १५ चं असतं.

बर्फाचा हिशोब एकदा करून बघा म्हणजे त्याचा नाद सुटेल. १ किलो बर्फ वितळून टँकच्या तापमानाला येईपर्यंत १०० लिटर पाणी फक्त १.१ डिग्रीने गार होतं. चार डिग्री उतरवायची तर चार किलो बर्फ, ते पण तेवढ्यापुरतं. याउलट टँकमधलं १ लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर तेच १०० लिटर जवळपास पावणेसहा डिग्री गार व्हायला हवं, म्हणजे उडालेलं १ लिटर पाणी पाच किलो बर्फाच्या बरोबरीचं. अर्थात भिंतीकडून, हवेकडून गर्मी आत येतच राहते त्यामुळे पूर्ण पावणेसहा दिसत नाही, पण फरक कळला ना? माठ गार कशाने होतो, कूलर गार हवा कशाने देतो, तेच इथे करायचंय, आणि मी तर झाकण घट्ट बंद करून वाफ बाहेरच जाऊ देत नव्हतो!

मग केलं ते असं. हूडचं झाकण काढलं, त्या जागी डासांची जाळी ताणून बसवली, कारण उघडा ठेवला तर मॉली उडी मारते आणि रात्री पाल आत पडते (पडली होती, कसं कळलं ते विचारू नका). कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधले १२ व्होल्टचे दोन पंखे आणि एक ॲडॉप्टर घेतला, पंखे असे तिरपे लावले की हवा पाण्यावरून सरपटत जाईल आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल. सरळ खाली तोंड करून लावू नका, हवा तिथल्या तिथे घुटमळते. हे जमत नसेल तर साधा टेबल फॅन टँकच्या काठाला समांतर ठेवा, दिसायला बरा नाही पण काम तेच. एअर स्टोन (एअर पंपाचे बुडबुडे सोडणारा दगड) फुल चालू, त्याने पाणी वरखाली होतं आणि वाफ पण जास्त होते. लाइट संध्याकाळऐवजी सकाळी सहा ते दहा केला. टँकच्या मागे भिंतीच्या बाजूला एक इंच थर्माकोल लावला आणि टँकच भिंतीपासून वीतभर पुढे ओढला (रिकामा करून, भरलेला ओढायला जाऊ नका, काच तडकते). पहिल्याच दिवशी रात्री साडेआठचा आकडा ३० च्या खाली, आठवडाभरात २८ ते २९.

पाणी मात्र भन्नाट उडतं. मे मध्ये माझ्याकडे चोवीस तासात चार लिटरपर्यंत कमी व्हायचं. ते भरताना एक गडबड होते, वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार खालीच राहतात, आणि आपण वरून परत बोअरचं जड पाणी ओततो, महिनाभरात पाणी इतकं जड होतं की काचेवर पांढरी रेघ जमते. म्हणून रोजची भर आरओच्या पाण्याची टाका आणि आठवड्याचा बदल नेहमीच्या पाण्याने करा. उलटं करू नका.

मुंबई, रत्नागिरी, पणजीकडच्या लोकांनी माझी ही आयडिया वाचून पंखे आणले तर मला शिव्या देतील, म्हणून आधीच सांगतो. पंख्याने पाणी किती गार होईल ते हवेतल्या दमटपणावर आहे. नागपुरात ४५ डिग्री आणि १५ टक्के ह्युमिडिटी असेल तर ओलं फडकं थेट २४ पर्यंत गार होऊ शकतं. मुंबईत ३४ डिग्री आणि ७० टक्के असेल तर तेच फडकं २९ च्या खाली जाणारच नाही, पंखा कितीही जोरात लावा. तिकडे पंख्याने एक-दोन डिग्री मिळाली तर नशीब, पण तिकडे मुळात पाणी आमच्यासारखं ३४-३५ ला जात पण नाही. तिकडे टँक एसीच्या खोलीत ठेवा, किंवा झाडांचा महागडा सेटअप किंवा मरीन (समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक) असेल तर चिलर घ्या, पण चिलर म्हणजे छोटा फ्रिजच, जेवढी गर्मी पाण्यातून काढतो ती सगळी खोलीत सोडतो, त्यामुळे बंद कपाटात ठेवून उपयोग नाही. आणि आमच्याकडे पण कूलरची खोली खिडक्या बंद करून ठेवली तर हवा मुंबईसारखी चिपचिप होते आणि टँकचा पंखा बसून जातो, समोरची खिडकी उघडी हवीच.

पाण्यातल्या मोटरकडे पण बघा. २५ वॉटचा बुडवून ठेवायचा फिल्टर म्हणजे २५ वॉटचा छोटा हीटरच समजा, तेवढी वीज शेवटी गर्मीच होते, १०० लिटरला तासाला ०.२ डिग्री. लहान वाटतं ना, पण दहा तासात दोन डिग्री. माझा ३५ वॉटचा होता, दुकानवाल्याने तीन फुटाला हाच लागतो म्हणून दिलेला, तो बदलून १० वॉटचा घेतला. फिल्टर बंद ठेवून गर्मी वाचवायचा शहाणपणा मात्र करू नका, आतल्या स्पंजमधले अमोनिया संपवणारे चांगले बॅक्टेरिया मेले की अमोनिया वाढला समजा.

पंखे लावल्यावर एक नवीनच प्रॉब्लेम आला. मे मध्येच एका संध्याकाळी वादळ, गारा, हवा एकदम गार, आणि माझे पंखे रात्रभर चालूच. सकाळी पाणी साडेचोवीस! म्हणून मग टेम्परेचर कंट्रोलर बसवला, एसटीसी-१००० म्हणून मिळतो, त्यात एक सेन्सर पाण्यात सोडायचा, एका बाजूला पंखा जोडायचा, दुसऱ्या बाजूला हीटर. २८ ला सेट करून फरक १ ठेवला की २९ ला पंखा सुरू, २८ ला बंद. वायरिंग स्वतःला येत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, २३० व्होल्ट आणि पाणी शेजारी शेजारी आहे, इथे पैसे वाचवू नका. सगळ्या वायरी सॉकेटच्या खालपर्यंत लोंबून मग वर जायला हव्यात म्हणजे पाण्याचा थेंब वायरवरून घसरत प्लगमध्ये जात नाही. आणि हात घालण्याआधी सगळे प्लग काढा, सगळे म्हणजे सगळे.

हे सगळं शांतपणे करायचं. पण समजा आज, आत्ता, पाणी ३४ आहे आणि मासे वर आलेत, तर काय? लाइट बंद, खाणं बंद, झाकण काढा, एअर पंप फुल, टेबल फॅन पाण्यावर. मग पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून झाकण लावूनच एक-एक करून तरंगत सोडा, थर्मामीटर बघत बसा, तासाला एक डिग्रीपेक्षा जास्त उतरू देऊ नका, आणि ३० ला थांबा. एकदम सगळं पाणी बदलायला जाऊ नका, त्याने वाचणारा मासा पण जातो. लाइट गेली असेल तर मगाने पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओता, पाच मिनिटं ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, हात दुखतात पण मासे वाचतात. वादळाच्या दिवसात आमच्याकडे दोन-तीन तास लाइट जाणं काही नवीन नाही, म्हणून आता पॉवर बँकवर चालणारा छोटा एअर पंप ठेवलाय, ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी घरातला एक पंखा कमी करून टँकचा एअर पंप त्यावर घ्यावा, तो ५ वॉटच्या आत असतो, इन्व्हर्टरला कळणार पण नाही.

पांढरे ठिपके आलेच तर हे माहीत असू द्या की तो एक परजीवी आहे आणि अंगावर ठिपका दिसतो तोवर औषध त्याचं काही वाकडं करू शकत नाही, तो गळून खाली पडतो, फुटतो, त्यातून पिल्लं पोहत निघतात, तेव्हाच औषध लागू पडतं. पाणी उबदार असलं की हे चक्र लवकर फिरतं, म्हणून थंडीत ठिपके आले तर तापमान हळूहळू ३० पर्यंत नेतात. ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवणारे लोक परत परत त्याच चक्रात अडकतात, ठिपके दिसेनासे झाल्यावरही किमान आठवडाभर चालू ठेवा. आणि औषध चालू असताना एअर पंप डबल.

थंडीचं थोडक्यात. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री ८-१० पर्यंत उतरतं, घरात १८, पाणी १९-२०, दिवसा २४. हीटर लिटरला १ वॉट धरा, माझ्या टँकला १०० वॉटचा, पण एक शंभरचा घेण्यापेक्षा ५० चे दोन घ्या. हीटरचा थर्मोस्टॅट कधी कधी चालू अवस्थेतच चिकटून बसतो, तेव्हा शंभरचा एकटा टँकची खिचडी करतो, पन्नासच्या एकाला ते तेवढं जमत नाही, आणि एक बंद पडला तर दुसरा जीव वाचवण्यापुरता असतो. फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथेच हीटर लावा. पाणी बदलताना प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा, गरम हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते.

कंट्रोलरवर हीटर चालवणाऱ्यांनी एक गोष्ट रोज बघायची. सेन्सर ज्या रबरी चकतीने काचेला चिकटलाय ती सुटली आणि सेन्सर पाण्याबाहेर लटकला तर तो खोलीचं १८ दाखवणार, कंट्रोलरला वाटणार पाणी गार आहे, आणि हीटर थांबणारच नाही. माझ्याकडे जानेवारीत झालं, सकाळी पाणी ३३, बाहेर धुकं. मासे वाचले ते फक्त हीटरचा स्वतःचा नॉब मी ३३ च्या आसपास कुठेतरी ठेवला होता म्हणून, तोही नकळत. आता तो नॉब २८ वर असतो आणि सेन्सरची वायर चकतीशिवाय हूडला पण बांधलीय.

राहिले गोल्डफिश. तो १८ ते २२ वाला मासा आहे, दुकानात गप्पी-मॉलीच्या शेजारी ठेवतात म्हणून आपल्याला वाटतं एकाच बिरादरीचा. आकाराने पण मोठा, घाण पण जास्त, म्हणजे ऑक्सिजन सगळ्यात जास्त त्यालाच हवा. मे मध्ये २८-२९ ला तो मरेलच असं नाही, पण सतत धापा टाकत राहतो आणि त्याच्या घाणीने बाकीच्यांचं पाणी बिघडतं. माझ्या दोनपैकी एक दुसऱ्या उन्हाळ्यात गेला, दुसरा मी माझ्या भावाकडे दिला, त्याच्या घरी तळमजल्यावर जुना सिमेंटचा हौद आहे, आंब्याच्या सावलीत, भर मे मध्ये पण हात घातला की गार लागतो. पोरगी आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. विदर्भात वरच्या मजल्यावर राहत असाल तर गप्पी, मॉली, गुरामी, फायटर घ्या, आणि गर्मीच आवडणारा हवा असेल तर डिस्कस, त्याला २८ ते ३० च लागतं, फक्त त्याचे बाकीचे नखरे खूप आहेत.

पावसाळा लागला की जुलैत पंखा जवळजवळ निकामी होतो कारण हवाच ओली, पण तेव्हा खोलीच २८-२९ वर आलेली असते त्यामुळे काही अडत नाही, पंखे पुसून ठेवून द्या, पात्यांवर क्षार बसलेले असतात ते व्हिनेगरच्या फडक्याने निघतात. उन्हाळ्यात गावाला जायचं असेल तर शेजाऱ्यांना खाणं टाकायला अजिबात सांगू नका, मूठभर टाकतात, मोठे मासे चार दिवस उपाशी आरामात राहतात. त्यांना फक्त पाणी भरायला सांगा, रोज सकाळी आरओच्या चार बाटल्या, आणि काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा की इथपर्यंत.